सतरा नंबरचा आवाज

तिला सगळं येत होतं. येतं, एवढंच सांगता येत नव्हतं.

वर्गातली मुलं तिला ‘म्यूट’ म्हणत. नावं ठेवण्यात कॉलेजच्या पोरांचा हात कोणी धरू शकणार नाही. पहिल्याच आठवड्यात अर्ध्या वर्गाला एकेक नाव चिकटलं आणि त्यातलं एकही पुढे सुटलं नाही. हिचं तर हजेरीलाच ठरलं. रसायनशास्त्राच्या मॅडमनी "सतरा" असा पुकारा केला, ही उभी राहिली, तोंड उघडलं, आणि आतून काही आलंच नाही. कान तापले, जीभ टाळूला चिकटली, मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मॅडमची मान खाली, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी पुन्हा "सतरा" म्हटलं, उत्तर नाही म्हणून गैरहजेरी मांडली आणि पुढे गेल्या. मुलगी समोर धडधडीत उभी, तरी गैरहजर. पुढचे काही दिवस हेच चाललं.

"बोल ना गं, त्यात काय आहे एवढं?" असं म्हणणारे लोक जगात पुष्कळ असतात. त्यांना एकदा गच्चीच्या कठड्यावर उभं करून "चाल ना, त्यात काय आहे एवढं?" असं विचारायला हवं. घरी ती बोलायची. म्हणजे आईबाबांशी, पाणी हवं, दार लाव, इतपत. चौथं माणूस आलं की संपलं. आई घरीच कपडे शिवायची आणि ओठांत टाचण्या धरूनही तिच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. गिऱ्हाईक बाई कौतुकानं मुलीला विचारायची, "काय गं, काय शिकतेस?" मुलगी मान खाली घालायची आणि आई टाचण्यांमधूनच सांगायची, "सायन्सला आहे. हुशार आहे हो, फक्त लाजते." कॉलेजात तिला प्रॉक्सी, म्हणजे तिच्या वतीनं हजेरी देणारी, भेटली असं सगळे म्हणतात, पण खरं म्हणजे पहिली प्रॉक्सी घरातलीच होती. आईचं काही चुकलं असंही म्हणवत नाही. लेकरू गांगरलेलं दिसत असताना कोणती आई गप्प बसेल?

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. ते मितभाषी. लिफ्ट एकदम कधी बंद पडत नाही, असं ते म्हणायचे, आधी तिचा आवाज बदलतो. पण रोज वापरणाऱ्यांना तो बदल ऐकूच येत नाही, कारण ते रोजच वापरतात. मुलीकडे बघतानाही त्यांचा कान असा तिरका झालेला असायचा. विचारत मात्र काही नसत.

सतराच्या शेजारी सोळा नंबर बसायची. तिला ‘रेडिओ’ म्हणत, कारण सकाळी एकदा लागली की बंद करायचं बटण कोणाला सापडत नसे. ही काकांच्या घरी राहायची. काकांची लाँड्री होती आणि काकांनी तिला कॉलेजात घालतानाच बजावलं होतं, "एकदा जरी नापास झालीस तर सरळ काउंटरवर उभं राहायचं. मग माझ्यापुढे रडायचं नाही." रेडिओ हे सगळ्यांना हसत हसत सांगायची. काकांची नक्कल तर अशी करायची की समोर प्रत्यक्ष काकाच उभे राहिल्यासारखे वाटत. पण नक्कल संपली की क्षणभर गप्प व्हायची, आणि तिचं गप्प होणं कोणाच्या लक्षात यायचं नाही.

एक दिवस "सोळा" झालं, रेडिओनं "प्रेझेंट मॅडम" म्हटलं. "सतरा" झालं. शेजारची मुलगी बाकाची कड धरून उभी राहतेय, तिची बोटं पांढरी पडलीयत, हे रेडिओला दिसलं. तिनं आवाज जरा बारीक केला आणि म्हटलं, "प्रेझेंट मॅडम." मॅडमनी खूण केली. म्यूट मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सुटकेचं होतं. कोणी आपल्यासाठी एवढं केलं की त्या माणसासाठी काय करू नि काय नको, असं होतं. तिला तसं झालं.

मग दोघींचं जमलंच. प्रयोगशाळेत एका टेबलावर दोघी. रेडिओच्या हाताला धीर नव्हता. ब्युरेटचा नळ ती फिरवायची तो भसकन, आणि फ्लास्कातलं पाणी फिक्कं गुलाबी व्हायच्या ऐवजी सरबतासारखं लालभडक व्हायचं. म्यूटच्या हाती मात्र जादू होती. शेवटी शेवटी ती एकेक थेंब असा सोडायची की एका थेंबापूर्वी पाणी बिनरंगी आणि त्या थेंबानंतर गुलाबी, इतकं गुलाबी की नीट पाहिल्याशिवाय दिसू नये.

"हे बघ," रेडिओ म्हणाली, "बोलायचं खातं माझ्याकडे, करायचं तुझ्याकडे. कशी वाटली आयडिया?"

म्यूट हसली. हसताना तिचा आवाज येत नसे, खांदे तेवढे हलत.

इथपर्यंत सगळं गोड होतं. पण गोड गोष्टीला मुंग्या लागतातच. एके दिवशी मॅडमनी फळ्याकडे तोंड करून विचारलं, "मिथिल ऑरेंज हा दर्शक का चालणार नाही इथे? सतरा, सांग." म्यूटनं बाकावर पेन्सिलीनं भराभरा उत्तर लिहिलं, आणि उभी राहिली रेडिओ. तिनं बाकावरचं वाचलं, पण असं ठासून आणि हातवारे करून, की वाचतेय असं कोणाच्या मनातही येऊ नये. मॅडम वळल्या. वर्षात पहिल्यांदाच त्यांनी कोणाकडे नीट पाहिलं.

"शाब्बास, सतरा," त्या म्हणाल्या.

झालं. त्या दिवसापासून मॅडमच्या डोक्यात सतरा म्हणजे हा चेहरा. मग बाकावर जो चेहरा उरला तो ओघानंच सोळा. प्रश्न आला की "सतरा, तू सांग," आणि डोकं एकीचं, तोंड दुसरीचं. मधल्या सुट्टीत रेडिओ पोट धरधरून हसली. "अगं म्यूट, मॅडमना वाटतं मी म्हणजे तू! आणि तू म्हणजे मी! बिचारी मी, किती मठ्ठ दिसत असेन!" म्यूटही हसली. वर्गालाही ते माहीत होतं आणि वर्गही हसला. सांगायला कोणीच गेलं नाही, कारण गंमत चालू असताना ती मोडायला कोण जातो?

सांगायची वेळ एकदा आली होती. कुठल्याशा वर्गात प्रॉक्सी पकडली गेली आणि कॉलेजनं जाहीर केलं की यापुढे हजेरी देणारा आणि ज्याची दिली तो, दोघांचंही वर्ष जाईल. तेव्हा रेडिओचं हसू जरा उतरलं.

"उद्या तू दे हजेरी," ती म्हणाली. "मी तोंडाला कुलूप लावते. एकदा दिलीस की सुटलो दोघी."

म्यूटनं मान डोलावली. आरशासमोर "प्रेझेंट मॅडम" म्हणून पाहिलं, आरशात आलं. दुसऱ्या दिवशी "सतरा" झालं. रेडिओ ओठ दाबून बसली. म्यूट उभी राहिली, घसा वरखाली हलला. मॅडमनी पुन्हा म्हटलं, "सतरा?" म्यूटच्या तोंडातून चिलटाएवढा आवाज निघू पाहत होता, ओठ ‘प्रे’साठी जुळलेसुद्धा होते. पण रेडिओला ते बघवेना.

"प्रेझेंट मॅडम," ती म्हणून गेली.

दया आली तिला. घात झाला तो तिथे. अर्धा क्षण ती थांबली असती तर पुढचं काही झालं नसतं, असं मला आजही वाटतं. पण दया आलेल्या माणसाला अर्धा क्षण फार लांब वाटतो.

वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक आले होते, सफारीतले, सतत घड्याळ बघणारे. मॅडम त्यांच्या शेजारी बसून एकेकाला आत घेत होत्या, आणि मॅडमच ओळख करून देत असल्यामुळे गळ्यातलं ओळखपत्र उलटून बघायची कोणाला गरज वाटत नव्हती. बाहेर व्हरांड्यात मुलं घोकंपट्टी करत फेऱ्या मारत होती. रेडिओ पाणी प्यायला गेली होती. दार उघडलं, मॅडमनी बाहेर डोकावून म्यूटकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सोळा. चल."

म्यूट जागची हलली नाही.

"तूच ना सोळा? चल लवकर, सर खोळंबलेत."

चार शब्द पुरले असते. मॅडम, मी सतरा आहे. तिच्या मनात ते शब्द मोठमोठ्यानं वाजत होते, असं तिनंच पुढे सांगितलं. इतक्या मोठ्यानं की मॅडमना ऐकू कसे येत नाहीत, असं तिला वाटलं. तिनं इकडेतिकडे रेडिओला शोधलं. आयुष्यभर कोणी ना कोणी तिच्या वतीनं बोललं होतं, आणि त्या वेळी व्हरांड्यात तिचं असं कोणी नव्हतं. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला आत नेलं.

परीक्षकांनी सोपे प्रश्न विचारले. ब्युरेट भरण्याआधी त्याच द्रावणानं का धुवायची? फ्लास्क मात्र नुसत्या पाण्यानं धुतला तर का चालतो? पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकून का काढायचा नाही? तिला तिन्ही उत्तरं झोपेतून उठवून विचारली असती तरी आली असती. ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. ती गप्प होती आणि पाण्यात बुडत होती रेडिओ, हे तिला स्पष्ट कळत होतं. तरी ओठ उघडले नाहीत.

"निदान एकाचं तरी सांग," परीक्षक म्हणाले. मग मॅडमकडे वळून, "हिला काहीच येत नाही."

"वर्षभर अशीच आहे, सर," मॅडम म्हणाल्या.

ती बाहेर आली तेव्हा रेडिओ परत आली होती आणि दारातून पुकारा झाला होता, "सतरा." रेडिओ हुशार, क्षणात तिच्या ध्यानात आलं. आता खरं सांगावं तर दोघींचं वर्ष जाणार. आणि न सांगावं तर? तर वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीनं आपल्या नंबरावर परीक्षा दिली. यात तोटा कुठे होता? परीक्षा तोंडी आहे आणि म्यूट आत बोललीच नसेल, हे त्या घाईत तिला सुचलंच नाही. आत जाता जाता तिनं म्यूटला डोळा मारला. "पार्टी माझ्याकडून," ती कानात म्हणाली.

म्यूटनं तिचा हात पकडला. बोलली मात्र नाही. रेडिओनं हात दाबला, सोडवला आणि आत गेली. आणि गंमत बघा, ती आत छान बोलली. वर्षभर दुसरीची उत्तरं ठासून म्हणता म्हणता तिला ती पाठ होऊन गेली होती. स्वतःच्या नंबरावर गेली असती तर स्वतःच्या जिवावर पास झाली असती.

निकाल लागला. तोंडी परीक्षेत सतरा नंबर वर्गात पहिली. सोळा नापास.

आईनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. "आमची लाजाळू! तोंडी परीक्षेत पहिली, ऐकलंत का?" बाबा मात्र जेवता जेवता थांबले. मुलीकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "तोंडी? तू?" रागानं नव्हे. बंद लिफ्टमध्ये माणूस अडकलंय आणि आतून हाक येत नाही, अशा वेळी दार वाजवून विचारतात, तसं.

मुलीनं वर पाहिलं. सांगायचं होतं तिला. तेवढ्यात आई म्हणाली, "अहो, तिला काय विचारता, निकालच बघा ना!" आणि तो विषय तिथेच संपला.

सुट्टीत ती कॉलेजवर गेली, एकदा नाही, पुष्कळदा. मॅडमच्या खोलीच्या दारापर्यंत जायची. शिपाई विचारायचा, "काय काम आहे?" ती मान हलवून परत फिरायची. रेडिओचा फोन आला होता सुरुवातीला. "काही बोलू नकोस हं उगाच," ती म्हणाली होती, "मी काकांना पटवते. पुन्हा बसेन परीक्षेला." पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता. नंतर फोन येणं बंद झालं. म्यूटनं केला नाही, कारण फोनवर तर तिचं आणखीच अवघड.

दुसऱ्या वर्षाचा पहिला तास. मॅडम त्याच. "पंधरा" झालं. पंधरानंतर एकदम "सतरा."

सोळा कुठे गेली, असं कोणी विचारलंही नाही. म्यूटला शेजारची मोकळी जागा दिसली. सगळा उन्हाळा जे तिच्या घशात अडकून बसलं होतं ते त्या मोकळ्या जागेनं बाहेर ढकललं. ती उभी राहिली आणि तिनं, आयुष्यात पहिल्यांदा भरल्या वर्गात, मोठ्यानं म्हटलं,

"प्रेझेंट मॅडम."

आवाज घोगरा, जाड. कोणाच्याच ओळखीचा नाही. मॅडमची मान खालीच होती. त्यांनी पेन थांबवलं.

"सतराच्या वतीनं कोण बोलतंय?" त्या म्हणाल्या. "तिचा आवाज मला चांगला माहीत आहे. प्रॉक्सी चालणार नाही, सांगून ठेवते."

वर्गात कोणी हसलं नाही. बसावं, असं वाटलं तिला. बसली असती तर कोणी दोषही दिला नसता.

"मी सतरा," ती म्हणाली. "तो आवाज सोळाचा होता. परीक्षेत तुमच्यासमोर जी गप्प बसली होती ती... ती मी होते."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "त्या मुलीला काहीच येत नव्हतं," त्या म्हणाल्या.

मग म्यूट बोलू लागली. ब्युरेट पाण्यानं धुतली तर आत राहिलेल्या पाण्यानं द्रावण पातळ होतं. फ्लास्कात पाणी राहिलं तरी मोजून टाकलेला पदार्थ कमीजास्त होत नाही. आणि पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकायचा नाही, कारण पिपेट बनवतानाच तो थेंब आत राहणार असं धरलेलं असतं. अडखळत, मधे दम खात, पण तिन्ही उत्तरं तिनं उभ्यानं दिली. वर्ग ऐकत होता. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता; चूक फक्त पोरींची नव्हती, हे त्यांनाही कळत असावं.

कॉलेजनं दोघींचेही निकाल रद्द केले आणि दोघींनी पहिलं वर्ष पुन्हा करावं, असं ठरवलं. त्यातल्या त्यात बरं, असं लोक म्हणाले. म्यूट त्याच दिवशी लाँड्रीत गेली. रेडिओ काउंटरवर होती, मागे इस्त्रीची वाफ, आणि फोनवर काकांच्या आवाजात कोणाला तरी सांगत होती, "हो हो, कपडे तयार आहेत, या घेऊन जा." फोन ठेवून तिनं म्यूटकडे पाहिलं.

"मी सांगितलं," म्यूट म्हणाली. "सगळं सांगितलं. तू ये परत. पहिल्या वर्षाला. मी पण आहे."

रेडिओ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. एवढी वाक्यं तिनं या तोंडातून कधी ऐकली नव्हती.

"छान बोलतेस की," ती म्हणाली. मग एक शर्ट घडी घालता घालता, खाली बघून, "वर्षभर मी तुझ्या वाटचं बोलले गं. तुला एकदाच माझ्या वाटचं बोलायचं होतं."

म्यूटनं काउंटरवरचा दुसरा शर्ट घडी घालायला घेतला. काका आतून ओरडले, रेडिओ "आले" म्हणून गेली. ती कॉलेजात परत आली नाही.

म्यूट आता पहिल्या वर्षाच्या वर्गात बसते, तिच्याहून लहान मुलांमध्ये. हजेरी देते. अजून प्रत्येक वेळी कान तापतात, पण देते. तिच्या शेजारी एक किडकिडीत मुलगी असते. पहिल्या दिवशी त्या मुलीचा नंबर पुकारला गेला, ती उभी राहिली, आणि तिचा घसा नुसता वरखाली हलू लागला. मॅडमनी पुन्हा नंबर घेतला. आता त्या मान वर करून बघतात, पण बघितल्यानं मुलीचं आणखीच बिनसलं. तिनं कासावीस होऊन शेजारी पाहिलं. म्यूटला ती नजर पुरती ओळखीची होती. दोन शब्द, आणि पोरीची सुटका. तोंडात आलेही होते.

तिनं बाकाखाली त्या मुलीचा हात घट्ट धरला आणि ओठ मिटून घेतले.

"उभी आहेस, दिसतंय मला," मॅडम म्हणाल्या. "पण बोलल्याशिवाय हजेरी नाही." त्यांनी क्षणभर वाट पाहिली आणि गैरहजेरी मांडली.

मुलगी खाली बसली. डोळे भरून आले होते. "ताई," ती पुटपुटली, "तुम्ही तरी बोलायचंत माझ्या वतीनं."

"रड हवं तर," म्यूट म्हणाली. हात तिनं अजून सोडला नव्हता. "पण मी उद्याही बोलणार नाही."